उपसागरातले लाल ठिपके

समुद्रावरून परत आलेल्या माणसाकडे लोक शंख-शिंपले मागतात. हैदराबादला बरकतपुऱ्यात आमच्या इमारतीच्या पायऱ्या चढत होते, बॅग अजून खांद्यावरच होती, तर तळमजल्यावरच्या काकूंनी आधी हात पुढे केला आणि मग तब्येत विचारली. शंख नाहीत म्हटल्यावर त्या हिरमुसल्या. देवमासा तरी दिसला का? नाही. डॉल्फिन? एकदा, लांबून, आणि तेव्हाही मी कठडा धरून उलटी करत होते. "मग दोन आठवडे तिथं पाहिलंस तरी काय?" मी म्हटलं, "डोळ्यांना न दिसणारे जंतू. झाडासारखे उन्हावर जगतात." काकूंनी माझ्या कपाळाला हात लावून ताप आहे का ते पाहिलं.

त्यांची चूक नाही. हा प्रवास सांगायला अवघडच आहे. त्यात मी रोज लिहिते ती माणसांची नावं, वयं आणि रिपोर्टचे आकडे. त्यापलीकडे लेखणी कधी गेली नाही. पण या वेळी जे झालं ते सांगितल्याशिवाय राहवत नाही, आणि सांगताना थोडी फुशारकी झाली तर होऊ द्या. आमच्यासारख्यांना तशी संधी रोज येत नाही.

कोठी

मी हैदराबादच्या कोठी भागातल्या एका तपासणी केंद्रात रक्तातल्या पेशी मोजायचं मशीन चालवते. या मशीनमध्ये थेंबभर रक्त केसाएवढ्या बारीक धारेतून जातं. एकेक पेशी रांगेत पुढे येते, लेसरचा किरण तिच्यावर पडतो आणि पडद्यावर तिचा एक ठिपका उमटतो. मोठी पेशी उजवीकडे, बारीक डावीकडे. अगदी डाव्या कोपऱ्यात तुटक्या पेशींचे तुकडे, धूळ आणि मशीनची स्वतःची खरखर असं सगळं गोळा होतं. त्याला आम्ही कचरा म्हणतो. तो दिसू नये म्हणून मशीनला एक मर्यादा घालून देता येते. तिच्याखालचं मशीन मोजतच नाही. आम्ही तिला नुसतं 'रेघ' म्हणतो. माझी रेघ कायम वर असायची. केंद्रातल्या पोरी म्हणायच्या, वनिताताईंचा पडदा म्हणजे सारवलेलं अंगण. मला त्याचा फार अभिमान होता.

एके दिवशी दुपारी काउंटरवर साठीला टेकलेल्या एक बाई आल्या. सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी. रक्त द्यायला आल्या असतील म्हणून मी बाही वर करायला सांगितली, तर म्हणाल्या, "रक्त नक्को. तुमच्यात हे मशीन कोण चालवतं, ते सांगा."

त्या डॉ. उषा वैद्य. शहरातल्या जुन्या घराण्यातल्या. आजोबा निजामाच्या कचेरीत, वडील वकील, आणि त्या स्वतः समुद्रातल्या सूक्ष्म जीवांच्या प्राध्यापक. ज्या शहरातून समुद्र गाठायला रात्रभर गाडीत बसावं लागतं, तिथं राहून त्यांनी सगळा जन्म समुद्राच्या नादात घालवला होता. त्यांच्या संशोधनाच्या जहाजावर असंच मशीन होतं, पण ते चालवणारा माणूस स्कूटरवरून पडून पाय मोडून बसला होता. जहाज दहा दिवसांनी निघणार. जूनमध्ये बाई निवृत्त होणार. म्हणजे ही त्यांची शेवटची फेरी.

"डॉक्टर पुष्कळ आहेत माझ्याकडं," त्या म्हणाल्या. "मला हात पाहिजेत."

इराण्याच्या हॉटेलात चहा पिताना त्यांनी मला सगळं समजावलं. पंचवीसेक वर्षांपूर्वी परदेशातल्या काही शास्त्रज्ञांनी रक्त मोजायचं मशीन उचलून जहाजावर नेलं आणि त्यात समुद्राचं पाणी घातलं. पडद्याच्या कोपऱ्यात फिकट ठिपक्यांचा थवा दिसला. सुरुवातीला त्यांनाही वाटलं, मशीनची खरखर. ती खरखर नव्हती. झाडासारखं उन्हावर अन्न तयार करणारे, आजवर कुणीच न पाहिलेले जंतू होते ते. जगातला हा सर्वांत लहान हिरवा जीव, आणि संख्येनं सर्वांत जास्त. "आपण जो श्वास घेतो ना वनिताबाई, त्यातला बराच त्यांच्या मेहेरबानीवर."

बाईंचं म्हणणं असं की, बंगालच्या उपसागरात किनाऱ्यापासून लांब, ज्या एका निळ्या खोल जागेवर त्यांचा कित्येक वर्षांपासून डोळा होता, तिथंही हे जंतू खच्चून भरलेले असणार. जहाजावर मशीन येण्याआधी त्यांनी तिथलं पाणी बर्फात घालून दोनदा हैदराबादला आणलं, पण वाटेत त्यातला जीव गेला, आणि अहवालात 'आढळले नाहीत' असं लिहावं लागलं. आता ताजं पाणी जहाजावरच मोजायचं होतं.

आमचं घराणं नांदेडकडचं. भाषावार राज्यं होऊन नकाशे बदलले त्यानंतर वडील इकडे शिपाई म्हणून आले आणि हेडक्लार्क होऊन निवृत्त झाले. आईची बोली मात्र तिकडचीच राहिली. ती म्हणाली, "समुद्राचं रगत तपासायला जाऊलालीस का माय? त्याला काय झालंय?" नवरा मिलिंद बँकेत आहे. शहरात तेव्हा दिवसाआड बंद, आंध्राचं राज्य फुटणार की नाही याचीच चर्चा. तो म्हणाला, "जा तू. इकडं रोज बंद. समुद्रात तरी बंद नाही."

विशाखापट्टणम

नामपल्ली स्टेशनहून गाडीत बसले आणि बंदराच्या फाटकावर उतरले, मधलं सगळं सोडून देते. जहाज पाहून पहिला विचार आला तो असा की, एवढं लोखंड बुडत कसं नाही! दुसरा विचार, अंगण कुठं झाडायचं? कारण प्रयोगशाळा म्हणजे आमच्या स्वयंपाकघराएवढी खोली. मशीन टेबलाला पट्ट्यांनी करकचून बांधलेलं, आणि भिंतीवर काम कसं करायचं याचा एक पिवळा पडलेला कागद.

माझ्या बॅगेत दोन डबे होते. एकात ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि लसणाची चटणी. दुसऱ्यात माझं सामान: हातमोजे, नळ्या, आणि इंजेक्शनचं औषध कालवायला वापरतात त्या शुद्ध पाण्याच्या सीलबंद काचेच्या कुप्या. कोठीत माझा नियम आहे. मोजणी सुरू करायच्या आधी नुसतं स्वच्छ पाणी मशीनमध्ये घालून पाहायचं. त्याला आम्ही 'कोरा' म्हणतो. कोऱ्यात ठिपके दिसले तर ते मशीनचे समजायचे, रोग्याचे नाही. आणि तो कोरा मी स्वतः, सीलबंद कुपी फोडूनच घेते. दुसऱ्याच्या बाटलीवर विश्वास नाही.

पण इथं मी पाहुणी. आईनं लहानपणापासून शिकवलेलं, दुसऱ्याच्या घरी गेल्यावर त्यांच्या भांड्यात डोकावून बघायचं नाही, त्यांना वाटतं आपण त्यांना घाणेरडं समजतो. आमच्यासारख्या घरांत ही शिकवण जरा जास्तच पक्की असते. ज्यांच्या भांड्यांना इतरांनी पिढ्यान्‌पिढ्या नाकं मुरडली, ते कुणाच्या भांड्याला नाव ठेवायला धजत नाहीत. उषाबाईंच्या प्रयोगशाळेत स्वतःच्या कुप्या काढून मांडणं मला उद्धटपणाचं वाटलं. भिंतीवरच्या कागदात कोरा कसा करायचा ते लिहिलेलं होतं: समुद्राचं पाणी अमुक गाळणीतून गाळून बरणीत भरा. मी तसंच करायचं ठरवलं. डबा बॅगेतच ठेवला.

जहाजाचा आचारी अप्पलराजू हा विशाखापट्टणमचाच. मी हैदराबादची म्हटल्यावर त्याचे डोळे चमकले. "मेडम, आपका स्टेट अलग हुआ तो समुंदर हमारे पास. जी भरके देख लो, फिर टिकट लगेगा!" मी म्हटलं, "समुंदर रख लो भय्या, बिर्याणी हमारे पास है." सगळे हसले, आणि टेबलाच्या टोकाला बसलेले मुख्य शास्त्रज्ञ डॉ. प्रभाकर यांनी चमचा आपटला. जेवणाच्या टेबलावर राज्याचा विषय काढायचा नाही, हा त्यांचा हुकूम होता. फुटायचं ते किनाऱ्यावर गेल्यावर. माणूस शिस्तीचा, सगळ्या बायकांना 'अम्मा' म्हणणारा, आणि जहाज कुठं किती वेळ थांबणार हे ठरवणारा. त्यांची स्वतःची आवड समुद्राच्या तळाचा चिखल. मला चिखल आवडणारी माणसं सहसा खोटी वाटत नाहीत.

किनारा दिसेनासा झाला

पहिले दोन दिवस मी माणसात नव्हते. पोटात काही ठरेना. अप्पलराजूनं अंबाडीच्या भाजीचं आंबट पातळ कालवण आणि भात आणून दिला, "गोंगुरा खाओ मेडम, उलटी शरम से भागेगी." खरंच भागली. त्या बदल्यात मी त्याला माझी भाकरी दिली. त्यानं दातांनी तोडायचा प्रयत्न केला, मग भिंतीवर वाजवून पाहिली, आणि चटणी मात्र सगळी संपवली. आंध्राच्या तिखटाची ख्याती मोठी, पण आमच्या लसणाच्या चटणीनं त्याच्या डोळ्यांत पाणी आणलं हे नमूद करते.

जहाज ठरलेल्या जागी थांबतं, त्याला 'स्टेशन' म्हणतात. फलाट नाही, चहावाला नाही, चारी बाजूंनी पाणी, आणि मंडळी गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, स्टेशन आलं. लोखंडी दोरावरून मोठ्या बाटल्या पाण्यात सोडतात, ठरलेल्या खोलीवर त्यांची झाकणं मिटतात, वर येते ती त्या खोलीची ताजी हकीकत.

पहिल्या स्टेशनचं पाणी मी मशीनला लावलं आणि सवयीनं रेघ वर सरकवली. पडदा लख्ख. दुसऱ्या स्टेशनलाही लख्ख. मी खुशीत. उषाबाई माझ्या मागे येऊन उभ्या राहिल्या.

"वनिताबाई, बारके कुठं आहेत?"

"कोणते बारके?"

"डाव्या कोपऱ्यातले."

"तो कचरा होता बाई. काढला."

त्या खुर्चीवर बसल्या आणि चष्मा पुसायला लागल्या. मला तेव्हा कळलं की, ज्यांच्यासाठी या बाईंनी जन्म घालवला त्यांना मी झाडून बाहेर फेकलं होतं, तेही दोनदा. पाणी टाकून दिलं होतं, परत मोजता येणार नव्हतं. मी खूप रागावले, स्वतःवर, पण आवाज त्यांच्यावर चढला: "आधी सांगायचं ना!" त्या शांतपणे म्हणाल्या, "हौ, माझंच चुकलं. मी गृहीत धरलं." त्यांनी दोष स्वतःकडे घेतला याची मला जास्त लाज वाटली.

मग त्यांनी शिकवलं. रेघ आकारावर लावायचीच नाही. हिरव्या जीवावर लेसर पडला की तो लाल उजेड टाकतो. तेव्हा आकार विसरायचा आणि लाल उजेड पकडायचा, रेघ अगदी तळाला नेऊन. तिसऱ्या स्टेशनला तसं केलं. डाव्या बाजूला फिकट लाल ठिपक्यांचा धुरळा उठला. उषाबाईंनी माझा दंड धरला.

"आता कोरा लावा," त्या म्हणाल्या.

मी कागदाप्रमाणे त्याच स्टेशनचं थोडं पाणी गाळून बरणीत भरलं होतं, ते लावलं. तोच धुरळा, थोडा विरळ, पण तोच.

कोरा जे दाखवतो ते मशीनचं, नमुन्याचं नाही. शास्त्राचा नियम तोच आणि कोठीचाही तोच. बाईंनी माझा दंड सोडला. "मशीनची खरखर आहे का ही?" त्यांनी विचारलं. मी प्रामाणिकपणे सांगितलं, "कोऱ्यात दिसतंय म्हणजे खरखरच, बाई."

घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं. त्याच दिवशी अंदमानच्या बाजूला हवा बिघडत असल्याची खबर आली. डॉ. प्रभाकरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं की, जहाज लवकर परत फिरणार. शेवटच्या दोन थांब्यांपैकी एकच ठेवता येईल. एक त्यांच्या चिखलाचा, दुसरा उषाबाईंच्या निळ्या पाण्याचा. "डॉक्टर, तुमच्या मशीनला कोऱ्यात आणि समुद्रात फरक कळत नसेल, तर तिथं जहाज थांबवून मी काय सांगू वर?" ते हिंदीत म्हणाले. आवाजात कुचेष्टा नव्हती. "उद्या बाराला ठरवू. तोवर काही दाखवता आलं तर दाखवा."

उषाबाई जेवल्या नाहीत. केबिनमध्ये वरच्या बर्थवर मी, खालच्या बर्थवर त्या. त्या म्हणाल्या, "काही नाही हो. तिसऱ्यांदा 'आढळले नाहीत' लिहायचं, एवढंच. सवय आहे." एवढ्या शिकलेल्या बाईला इतकं साधं खोटंही बोलता येत नव्हतं हे पाहून मला भरून आलं. माझ्या एका शब्दावर त्यांची शेवटची फेरी वाया चालली होती.

बारा वाजेपर्यंत

सकाळी नाश्त्याला अप्पलराजूनं इडल्या केल्या होत्या. सांबार गाळणीतून वाटीत ओतत होता, आणि मोहरीचे दाणे गाळणीतून खाली पडत होते. तो वैतागून म्हणाला, "जाली मोटी है, सब निकल जाता." मी वाटी तशीच ठेवून उठले.

प्रयोगशाळेत जाऊन भिंतीवरचा कागद पहिल्यांदा नीट वाचला. गाळणी कोणती? काचतंतूंचा पांढरा कागद, समुद्रातला हिरवा रंग मोजायला सगळीकडे वापरतात तोच. नेहमीच्या शेवाळासाठी तो उत्तम. पण जगातला सर्वांत लहान हिरवा जीव त्यात अडकेल असं कुणी सांगितलं? मी ज्याला कोरा म्हणत होते त्यात समुद्र तसाच शिल्लक होता. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं मी मशीनला दोषी ठरवलं होतं.

मग मी काय केलं, तर आईची शिकवण बाजूला ठेवली. बॅगेतला डबा काढला, सीलबंद कुपी फोडली, ते पाणी मशीनला लावलं.

पडदा काळा. एकही ठिपका नाही.

दुसरी कुपी फोडली. काळा. परत बरणीतलं पाणी. धुरळा. तिसरी कुपी. काळा. मी पळत केबिनमध्ये गेले. उषाबाई केस विंचरत होत्या.

"बाई, तुमची बरणी घाण आहे!"

आयुष्यात कुणाच्या तोंडावर असं बोलले नव्हते. त्या अर्ध्या वेणीनं तशाच धावल्या.

पाऊण तासात आम्ही जेवढी खात्री केली तेवढी मी कोठीतही कधी केली नव्हती. बाईंनी कपाटातून जंतू अडवणारी, सर्वांत बारीक गाळणी शोधली. बरणीतलं पाणी तिच्यातून गेलं आणि धुरळा नाहीसा. बाईंनी कपाळावर हात मारला. "अगो, चार वर्षं हा कागद या भिंतीवर आहे, आणि मी प्रत्येक फेरीत त्याच्याखाली उभी राहते!" पहिल्यांदाच त्या मला अगो म्हणाल्या.

बारा वाजता डॉ. प्रभाकर आले, त्यांच्यामागे चिखलवाली मंडळी, आणि सगळ्यात मागे हातातला पळीडाव तसाच घेऊन अप्पलराजू. बाई बोलायला लागल्या, तर डॉ. प्रभाकरांनी हात वर केला. "मशीन अम्मा चालवतात ना? त्यांनी सांगावं." मी सांगितलं, जमेल तसं, अर्धं मराठी अर्धं हैदराबादी. ते ऐकून घेत राहिले आणि मग म्हणाले, "धूळसुद्धा गाळणीत अडकते अम्मा. जिवंत आहेत कशावरून?"

खरा प्रश्न होता. सुचलं ते बोलले, "उकळा. धूळ उकळून मरत नाही."

त्यांना ते आवडलं, पण विश्वास ठेवणारे ते नव्हेत. बरणीतलं थोडं पाणी अप्पलराजूनं गॅसवर खळाखळा उकळून, झाकून, थंड करून आणलं. डॉ. प्रभाकरांनी मला बाहेर उभं केलं, दार लावलं आणि स्वतःच्या हातानं चार नळ्या भरल्या. एकीवरही खूण नाही. "आता सांगा."

मी एकामागून एक लावल्या. पहिली, काळा पडदा. दुसरी, लाल धुरळा. तिसरी लावली आणि थबकले. लाल उजेड विझलेला, पण रेघ आकारावर आणून पाहिली तर चुरा दिसत होता. चौथी, परत लाल धुरळा.

"एक नंबर माझ्या कुपीतलं," मी म्हटलं. "दोन आणि चार एकच पाणी, बरणीतलं, न उकळलेलं. तुम्ही मला फसवायला दोनदा भरलं. तीन उकळलेलं. त्यात होते, आता मेलेत."

डॉ. प्रभाकरांनी खिशातून चिठ्ठी काढली, वाचली आणि माझ्या हातात दिली. चारही बरोबर. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. अप्पलराजूनं पळीडाव टेबलावर आपटला. "मेडम पास! मेरा पानी भी पास!" आणि डॉ. प्रभाकर आपल्या चिखलवाल्यांकडे वळून म्हणाले, "चिखल कुठं पळून जात नाही. निळ्या पाण्याकडे चला."

निळं पाणी

तिथला निळा रंग मला सांगता येणार नाही. हुसेनसागर तलावाच्या काठावर वाढलेल्या माणसाला पाणी म्हणजे हिरवट-करडं काहीतरी वाटतं. इथं खाली पाहिलं की डोळ्यांना तळ लागत नाही, आणि पाण्यात काही म्हणता काही नाही. ना शेवाळ, ना मासा. उषाबाई म्हणाल्या, पूर्वीचे लोक अशा समुद्राला वाळवंट म्हणत.

बाटल्या खोल गेल्या आणि वर आल्या. वरच्या थराचं पाणी लावलं, फिकट धुरळा. त्याखालचं, जरा दाट. मग जिथं ऊन जेमतेम पोचतं त्या खोलीचं पाणी लावलं आणि पडद्यावर धुरळा राहिलाच नाही. स्वच्छ, भरगच्च, तेजस्वी लाल ठिपक्यांचं एक बेट उभं राहिलं, कोपऱ्यातल्या खरखरीपासून चांगलं हातभर दूर. थोड्या उजेडात जगायचं म्हणून खालचे जीव अंगात हिरवा रंग जास्त साठवतात, असं बाईंनी नंतर सांगितलं. त्या वेळी मात्र बाई पडद्याला बोट लावून ठिपके मोजायला लागल्या, जणू मशीन मोजत नव्हतंच. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ढसाढसा रडल्या. मीही रडले, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मोजणीचा आकडा वर चढतच होता. एका थेंबात एवढे, आणि बाहेर तो समुद्र पसरलेला.

अप्पलराजू दारातून मान घालून पाहत होता. "ये सब जिंदा?"

"सब जिंदा."

"और सांस हम लेते?"

"हौ. तुम्हारे वाले भी, हमारे वाले भी."

त्यानं एकदा मोठा श्वास घेऊन पाहिला आणि समाधानानं मान डोलावली.

बाईंना आता प्रत्येक खोलीचं पाणी हवं होतं, आणि तेही दोनदा. तेवढ्यात भिंतीवरचा फोन वाजला. वर कप्तान होता. हवेचं कारण सांगत होता, अजून किती वेळ थांबायचं ते विचारत होता. डॉ. प्रभाकरांनी पडद्याकडे पाहिलं, उषाबाईंकडे पाहिलं, आणि फोन माझ्यापुढे धरला. "अम्मा, मशीन तुमचं. तुम्हीच सांगा."

कोठीत वीस वर्षं लोक मला विचारत आले आहेत, अजून किती वेळ? डॉक्टर विचारतात, रोगी विचारतात, मालक विचारतो, आणि मी प्रत्येकाला म्हणते, झालंच साहेब, दोन मिनिटं. माझ्यासाठी कधी कोणी थांबलेलं नाही.

मी फोन कानाला लावला आणि म्हटलं, "तीन घंटे लगेंगे."

कप्तान म्हणाला, "ओके मॅडम." आणि ते एवढं मोठं जहाज उपसागराच्या मधोमध तीन तास उभं राहिलं.